'कस्टमरला गळत असल्यासारखं वाटतं'

वाटतं म्हणे.

गाडी दुरुस्तीला दिली की शोरूमवाले जॉबकार्ड, म्हणजे कामाचा कागद, करतात. त्यावर ग्राहकाची तक्रार लिहायला एक चौकट असते. त्या चौकटीत, गळ्यात पट्टा अडकवलेल्या त्या गुळगुळीत सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनं इंग्रजीत जे टाइप केलं होतं त्याचा सरळ मराठी अर्थ हा : कस्टमरला सनरूफमधून पाणी गळत असल्यासारखं वाटतं. वाटतं! नांदगाव तिठ्याच्या अलीकडच्या वळणावर मी ब्रेक मारला आणि छतातल्या दिव्याच्या फटीतून तांब्याभर थंडगार पाणी आईच्या मांडीवर ओतलं गेलं, ते मला वाटलं. आई किंचाळली, तेही मला वाटलंच असणार. डाव्या बाजूच्या मागच्या सीटखालचा गालिचा मुठीत धरून दाबला की बोटांच्या फटींतून मळकं पाणी यायचं. तेही मनाचेच खेळ.

गाडीचं सत्तेचाळीस लाखांचं बिल आहे. त्यावर रोड टॅक्स, विमा, आणि दहा लाखांवरची गाडी म्हणून एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आधीच वसूल करायचा आयकर, वेगळा. आमच्या देवगडात एवढ्यात काय काय येतं ते मी सांगत बसत नाही, आबांनी सांगून झालंय. "सत्तेचाळीस लाखात आख्ख्या घराची कौलां बदलून झाली असती. आणि घर गळला नसता." एवढं बोलून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गाडी घेतली मेच्या शेवटच्या आठवड्यात, आंबा उतरून सगळ्यांचे हिशेब चुकते झाल्यावर. आमच्या जिल्ह्यात त्या कंपनीचं दुकान नाही, म्हणून फोंडाघाट चढून, दाजीपूर, राधानगरी करत घाटावर गेलो. तिथे काय थाट! गाडीवर मखमली कापड, केक, आईला पुष्पगुच्छ, आबांना शाल. एक मुलगी हिंदीत म्हणाली, आमच्या फॅमिलीत तुमचं स्वागत आहे. आबा मला हळूच विचारतात, "ह्यांची सोयरीक कधी झाली आपल्याशी?" सात जूनला मृग लागला. पहिला मोठा पाऊस झाला त्याच आठवड्यात, आणि या नव्या सोयऱ्यांची ओळख पटायला सुरुवात झाली.

पहिली खेप. कॉफी, बिस्किटं, एसी, कातडी सोफा. दोन तासांनी तो अ‍ॅडव्हायझर पोरगा आला. "सर, आम्ही दहा मिनिटं पाइपनं पाणी मारून बघितलं. लीकेज नाही." मी म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे पाऊस दहा मिनिटं पडत नाही, दहा-दहा दिवस पडतो. तर तो हसून म्हणाला, "सर, तुमच्या साइडला पाऊसच जास्त आहे ना."

हे वाक्य परत वाचा. पाऊस जास्त! म्हणजे दोष कोकणाचा. गाडी विकताना याच लोकांनी मला पाण्यातून चाललेल्या गाडीचा व्हिडिओ दाखवला होता, किती खोल पाण्यातून जाते त्याचा आकडा तोंडपाठ म्हणून दाखवला होता. आणि आता वरून पडणारं पाणी जास्त झालं. पुढचा प्रश्न त्याहून भारी : "सर, गाडी झाडाखाली लावता का?" अरे, देवगडात झाड नाही अशी जागा मला दाखव, मी तिथे गाडी लावतो.

दुसऱ्या खेपेला गाडी तीन दिवस ठेवून घेतली. परत आली तेव्हा आत लिंबाच्या वासाचा फवारा मारलेला. तो वास फोंड्यापर्यंत टिकला. पुढे तोच कुबट वास, पावसाळाभर न सुकलेल्या गोधडीचा. बायको म्हणाली, आता अळंबी उगवायची तेवढी बाकी आहे. आणि चावी द्यायच्या आधी कागद पुढे : 'काम समाधानकारक झाले', खाली सही. मी गाडी उघडून बघायच्या आधी! वर आर्जव, "सर, कंपनीकडून फोन येईल, प्लीज दहापैकी दहा द्या हां, आमच्या इन्सेंटिव्हचा प्रश्न असतो." आईच्या लुगड्याचा प्रश्न कुणाच्याच खात्यात नव्हता.

आणि मी मूर्खासारखी सही केली. केली! घाट उतरायचा होता, धुकं दाटत होतं, पोरगा गोड बोलत होता. तिथेच मार खाल्ला मी.

गावात सांगायची सोय नाही हे आणखी वेगळं. तिठ्यावर तोंड उघडलं तर रिक्षावाले म्हणतात, "सायेब, आमची रिक्षा चारी बाजूंनी गळता, आम्ही काय बोलतो?" मोठ्या गाडीच्या दुःखाला सुतक पाळायला कोणी येत नाही. ठीक आहे, नका येऊ. पण गाडी मोठी म्हणून माझं पाणी खोटं होत नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो, कारण माझं खरं डोकं तिथे फिरलं. मी हापूस विकतो. हापूसला साका होतो. वरून फळ सोन्यासारखं, वास पण येतो, आणि कापलं की गर स्पंजसारखा पांढरट, आंबट. बाहेरून ते मलाही दिसत नाही, देवालाही दिसत नसावं. पुण्यातलं, ठाण्यातलं गिऱ्हाईक कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवतं. मी त्याला कधी विचारलं का, की तुम्ही आंबा कुठे ठेवला होता? तुमच्याकडे उकाडाच जास्त आहे ना? तुम्हाला साका असल्यासारखा वाटतोय का? डझनाला दोन आंबे साक्याचे निघाले तर पुढच्या पेटीत चार घालून देतो आणि वर माफी मागतो. पेटीला हजार-दोन हजार मोजणाऱ्याशी मी असा वागतो, आणि सत्तेचाळीस लाख मोजणाऱ्याला हे लोक कॉफी पाजून घरी पाठवतात.

कॉफी हेच त्यांचं हत्यार आहे, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. त्या दिवशी मी आरडाओरडा केला. चांगला मालवणी हिसका दाखवला, बाकीचे गिऱ्हाईक सोफ्यावरून वळून बघायला लागले. लगेच मॅनेजर आला, मला काचेच्या केबिनमध्ये नेलं, पुन्हा कॉफी. मी बोलतोय, तो मान डोलावतोय. होय सर. बरोबर आहे सर. मी पर्सनली बघतो सर. अर्धा तास मी भडाभडा बोललो आणि त्यानं एक अक्षर लिहून घेतलं नाही. पेन हातात, वही समोर, वही कोरी. बोललेली तक्रार त्यांना फार आवडते. तुमचा राग वाफेसारखा उडून जातो आणि त्यांच्या कॉम्प्युटरात राहतं काय, तर 'वाटतं'.

घाट उतरताना माझ्या डोक्यात गाऱ्हाणं आलं. आम्हा कोकण्यांना तक्रार करायला कोणी शिकवायला हवं का? देवासमोर नारळ ठेवून गावकार गाऱ्हाणं घालतो तेव्हा काय मोघम बोलतो? आधी देवाला नावानं हाक, मग कोण उभा आहे, कुठल्या वाडीतला, काय इडापीडा झाली, कधीपासून, आणि काय करून पाहिजे ते नेमकं. प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. तोही एक रेकॉर्डच झाला की, साक्षीदारांसकट! मी शोरूममध्ये उलटं केलं होतं. गाऱ्हाणं घालायचं सोडून शिव्या घातल्या, आणि 'व्हय म्हाराजा' मॅनेजर म्हणत बसला.

घरी आलो आणि आधी पुरावा केला. आमच्या नाक्यावरचा गॅरेजवाला समजूतदार. म्हणाला, मी एक स्क्रूसुद्धा उघडणार नाही, नायतर तुमची वॉरंटी गेली म्हणून तेंका आयतं कोलीत. पण एक गोष्ट त्यानं दाखवली. सनरूफच्या भोवती पन्हळ असते आणि चारही कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. छपराचं पाणी त्यातून जमिनीवर पडायचं असतं, म्हणजे थोडं पाणी पन्हळीत येणारच, ते बाहेर गेलं पाहिजे. आम्ही सनरूफ उघडून एकेका कोपऱ्यात हळूहळू लोट्यानं पाणी ओतलं. तीन कोपऱ्यांचं पाणी चाकाजवळ टपटपलं. चौथ्याचं, मागच्या डाव्या कोपऱ्याचं, कुठेच आलं नाही. लोटा रिकामा, खाली जमीन कोरडी. मग आतून छताचं कापड हळूहळू काळं पडायला लागलं. आमचं खळं, म्हणजे अंगण, उताराचं आहे, गाडी नाक वर करून उभी असते, सगळं पाणी मागच्या कोपऱ्यात. त्यांच्या सपाट फरशीवर दहा मिनिटांत काय कप्पाळ दिसणार? हे सगळं एका सलग व्हिडिओत घेतलं, सुरुवातीला मीटरवरचे किलोमीटर आणि नंबरप्लेट दाखवून.

मग पत्र. रात्री बसून लिहिलं, सकाळी त्यातल्या शिव्या काढल्या. बरेच परिच्छेद कमी झाले. उरलं ते असं : सतरा अक्षरी-आकडी चॅसिस नंबर, डिलिव्हरीची तारीख, तिन्ही खेपांच्या तारखा आणि जॉबकार्ड नंबर, प्रत्येक वेळी त्यांनी काय लिहिलं आणि गाडीत काय दिसलं. मागणी काय ते एकदम मोजकं. नळीचा दोष शोधून त्याचं कारण लेखी द्या. गालिचा आणि त्याखालचा फोम बदला, सुकवू नका. गालिच्याखालून जाणारं वायरिंग आणि कनेक्टर गंजलेत का ते तपासून रिपोर्ट द्या, कारण पाणी आज गालिच्यात आहे, गंज वॉरंटीच्या शेपटाला दिसणार. तोवर दुसरी गाडी द्या. मुदत पंधरा दिवस. नवीन गाडी मागितली नाही. मागावीशी वाटत होती, पण अमेरिकेतल्यासारखा 'लेमन लॉ' आपल्याकडे नाही, आणि मुळातच गाडीत उत्पादनाचा दोष आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय ग्राहक आयोगापुढे टिकवणं अवघड, असं वकील असलेल्या मेव्हण्यानं बजावलं. पत्र एकट्या डीलरला नाही, कंपनीच्या ग्राहक विभागालाही ईमेलनं आणि दोघांनाही स्पीड पोस्टानं. कारण डीलर म्हणणार दोष कंपनीचा, कंपनी म्हणणार डीलर स्वतंत्र धंदा करतो, आणि मधल्या मध्ये चेंडू मी.

डीलरचं उत्तर दुसऱ्या दिवशी फोनवर. लेखी नाही, फोनवर! म्हटलं, जे बोलायचं ते ईमेलवर बोला. मग मॅनेजरनं बिलाच्या तळाची बारीक ओळ वाचून दाखवली, सर्व वाद त्यांच्याच शहराच्या न्यायकक्षेत. म्हणजे मी घाट चढून केस लढवायची. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आमच्या जिल्ह्याचं ठिकाण, ओरोस. वीस ते पन्नास लाखांच्या तक्रारीला फी एक हजार रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मी हे सगळं शांतपणे ईमेलमध्ये लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली की ओरोस मला घाटापेक्षा जवळ पडतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, त्या तक्रारीचा नंबरही त्याच ईमेलात घातला.

बास. तीन खेपा कॉफी पिऊन जे झालं नाही ते एका ईमेलनं झालं. गाडी उचलून न्यायला फ्लॅटबेड ट्रक घरी आला, दुसरी गाडी दारात, कंपनीचा इंजिनिअर शोरूममध्ये हजर. मी समोर उभा राहिलो. छताचं कापड उतरवलं, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात ती नळी. जोडापासून सुटलेली, बोटभर अंतरावर लोंबत. बोटभर! दाबून बसवायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. कारखान्यात राहिली की डिलिव्हरीआधीच्या तपासणीत कोणी बघितलं नाही, त्यावर सगळे एकदम मुके. तो अ‍ॅडव्हायझर छताकडे असा बघत होता, जणू छत प्रथमच बघतोय.

यावेळी जॉबकार्ड माझ्यासमोर टाइप करायला लावलं. 'वाटतं' दोनदा खोडायला लावलं. शेवटी लिहिलं, मागची डावी ड्रेन ट्यूब सुटलेली आढळली. आढळली! त्या एका क्रियापदासाठी मी चार वेळा घाट चढलो, उतरलो, एका खेपेला तीनशेच्या आसपास किलोमीटर, आणि डिझेल माझंच. समाधानाच्या कागदावर सही करताना नावाखाली लिहिलं, 'गाडी निषेध नोंदवून ताब्यात घेतली, वायरिंगचा रिपोर्ट येणे बाकी'. पोरगा म्हणाला, सर, इथे असं लिहीत नाहीत. म्हटलं, आता लिहितात.

रिपोर्ट अजून आलेला नाही. फोन मात्र आला, चौथ्या दिवशी, गोड आवाजात. "सर, आमच्या सर्व्हिसला एक ते दहामध्ये किती गुण द्याल?"

म्हटलं, "मला तीन द्यावेत असं वाटतं."

"सॉरी सर, तीन? नक्की तीनच लिहू?"

"लिहा. आणि काय लिहिलंत ते मला वाचून दाखवा."