टेस्टची सक्ती करताय, आधी नीट समजावून तर सांगा

आमच्या म्हापशाच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद, लग्नाआधी एचआयव्हीची टेस्ट कंपल्सरी करा. 2006 साली गोवा सरकारनेच ही कल्पना काढली होती, तेव्हापासून कोणी ना कोणी ती उकरून काढतंच. आणि तेच काका, तेच मामा, शाळेत कंडोमबद्दल शिकवा म्हटलं की एका सुरात म्हणतात, पोरं बिघडतील. खरंच डोकं फिरतं.

अहो, नुकतीच लागण झाली असेल तर काही आठवडे रिपोर्ट निगेटिव्हच येऊ शकतो. आणि लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांचं काय, तो कागद काय सांगणार? शिवाय एचआयव्हीबद्दलच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे माणसाच्या संमतीशिवाय ही टेस्ट करता येत नाही. टेस्ट जरूर करा, पण आपणहून. सक्तीने काय होतं ते म्हापशेकरांना मी सांगायला हवं? 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझाला, रक्तदान करणाऱ्या माणसाला, रक्तात व्हायरस सापडला म्हणून आपल्याच गावात जुन्या टीबी हॉस्पिटलात 64 दिवस कोंडून ठेवलं होतं. हे बघितल्यावर कोण स्वतःहून येईल तपासायला?

इथे इंग्लंडमध्ये स्विंडनला क्लिनिकमधल्या नर्सने मला समोर बसवून कंडोम कसा वापरायचा ते सगळं दाखवलं, पाकिटावरची तारीख बघायची, दाताने फाडायचं नाही, टोक चिमटीत धरून हवा काढायची, आणि तेल अजिबात लावायचं नाही, लॅटेक्स फाटतं. खोबरेलसुद्धा नाही! आपल्याकडे घराघरात खोबरेलाची बाटली असते, पण हे मला कोणी कधी बोललं नव्हतं. मग मॉडेलवर माझ्याकडून करून घेतलं, घाई नाही, तोंड वाकडं करणं नाही. माझी लेक इयर नाईनला आहे, तेरा-चौदा वर्षांची, हे सगळं शाळेत शिकते आणि घरी येऊन मलाच प्रश्न विचारते. कुठे बिघडली? तुमच्या पोरांपेक्षा सरळ आहे, स्पष्टच सांगते.

दादा म्हणतो, तुला तिकडे बसून बोलायला काय जातं. लागलं मला ते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, भारताचं नागरिकत्व आणि तिथलं मत गेलं, मान्य, पण म्हणून गोवा माझा नाही असं थोडंच आहे. माझ्या लग्नात मावशीने एवढंच सांगितलं होतं, सांभाळून घे. काय सांभाळू, कसं सांभाळू? ते कळायला मला इतक्या लांब यावं लागलं, परक्या बाईकडून ऐकावं लागलं, याचं अजून वाईट वाटतं.

गोव्यात काही नाही असंही नाही. सरकारी हॉस्पिटलात टेस्ट फुकट होते, समुपदेशक असतो, 1097 या हेल्पलाईनवर फोन करून विचारता येतं. रोज गोळ्या घेऊन रक्तातला व्हायरस इतका कमी झाला की तो मोजणाऱ्या टेस्टमध्ये दिसेनासा झाला आणि तसाच राहिला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, एवढं तरी ग्रुपवर कितीजणांना माहीत आहे? जोर लावायचा तर यावर लावा ना, जास्त समुपदेशक मागा, हायस्कूलमध्ये बोलवा त्यांना.

चवथीला येतेय मी. भाची अकरावीला गेलीय, तिला मी स्वतः सगळं सांगणार आहे, आणि दादा, तूही तिथेच बस.