फॉक्सकॉन गेला म्हणून 1 लाख नोकऱ्या गेल्या? कुठल्या?

ते फॉरवर्ड परत फिरायला लागलंय, आमच्या फॅमिली ग्रुपवर काल तीनदा आलं. "वेदांता-फॉक्सकॉन तळेगाव सोडून गुजरातला गेला, 1 लाख मराठी पोरांच्या नोकऱ्या गेल्या, अजून सबसिडी दिली असती तर वाचल्या असत्या." म्हणजे वेदांता आणि फॉक्सकॉन या दोन कंपन्या मिळून काढणार होत्या तो चिपचा कारखाना. मला कुठल्याच पक्षाची वकिली करायची नाहीये, पण काकांनी पण लाईक केलं म्हणून लिहितोय.

पहिलं, "गेल्या" म्हणायला आधी असायला तर हव्यात ना. सप्टेंबर 2022 ला गुजरातशी करार झाला आणि जुलै 2023 ला फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली, म्हणजे तो कारखाना तळेगावला पण नाही आणि गुजरातच्या धोलेराला पण नाही. बरं, 2015 ला याच फॉक्सकॉनने आपल्याकडे 5 अब्ज डॉलर आणि 50 हजार नोकऱ्यांचा एमओयू, म्हणजे प्राथमिक करार, केला होता, 2020 ला मंत्र्यांनीच सांगितलं की ते काही येत नाहीत. एमओयू म्हणजे साखरपुडा नसतो हो, कांदेपोहे खाऊन गेलेत फक्त.

1 लाखाचा आकडा कंपनीचाच. तो ताडून बघायचा तर गुजरातमधल्या साणंदचा मायक्रॉन कंपनीचा प्रकल्प बघा, चिपचं पॅकेजिंग-टेस्टिंग, तिथे 22,500 कोटी गुंतवणूक आणि थेट नोकऱ्या सांगितल्यात 5,000. एका नोकरीमागे साडेचार कोटी!

आता सबसिडी. आपली सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे आणि तिचा मोठा भर जमीन, इमारत, मशिनरीत किती पैसा घातला यावर, मेगा प्रोजेक्टचा दर्जा रोजगाराच्या आकड्यावर पण मिळतो हे खरं, पण ज्याचं मशीन महाग त्याचा हिशोब मोठा, आणि पन्नास बायका शिलाईला बसवणारा छोटा युनिटवाला वीजबिलाच्या सवलतीसाठी चकरा मारतोय.

उलट भिवंडी बघा. मुंबईची जकात चुकवायची म्हणून माल हद्दीबाहेर ठेवायला लागले, त्यातून गोदामं वाढली, 2017 ला जीएसटीने जकात गेली तरी गोदामं तिथेच आहेत, हमाल, टेम्पोवाले, पॅकिंगची पोरं सगळे तिथेच. कोणी प्लॅन केला होता हा रोजगार? कोणीच नाही.

चिपचा कारखाना आला असता तर इंजिनिअर पोरांचं भलं झालं असतं, मान्य. पण काका, 1 लाखाचं गणित तेवढं डिलीट करा.