बसू नये अशा खुर्च्या

इंग्लंडमधल्या बाथ शहरातले अठराव्या शतकातील एक घर 'जसेच्या तसे' उभे केले आहे, ते मामाने पाहायलाच हवे, असा भाचीचा आग्रह होता. परंतु जसेच्या तसे म्हणजे जिनाही तसाच, हे तिने सांगितले नव्हते. पाठीवरची पिशवी ऐतिहासिक वस्तूंना लागू नये म्हणून ती पोटावर घ्यावी, असे दारातच फर्मान निघाले आणि पोटाशी पोर बांधल्यासारखा मी दुसऱ्या मजल्यावरच्या शयनगृहात धापा टाकत पोहोचलो. तिथे सहा सुरेख खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीच्या गादीवर एकेक वाळलेले काटेरी बोंड ठेवलेले होते. आमच्याकडे निदान 'बसू नये' अशी पाटी तरी लावतात.

कोपऱ्यात, घडीच्या प्लॅस्टिक खुर्चीवर, लाल बो बांधलेले एक वृद्ध स्वयंसेवक मात्र ऐसपैस बसले होते. मी भारतीय आहे हे कळताच त्यांचा चेहरा उजळला. "हे कापड चिंट्झ. शब्द तुमच्याकडचाच, ठाऊक आहे का?"

"छींट," मी म्हणालो.

"चिंट्झ," त्यांनी प्रेमाने दुरुस्ती केली. "आणि पलंगावर आहे ते पॅलम्पोर."

"पलंगपोस. आमच्या आजीच्या पलंगपोसावर उन्हाळ्यात कुरडया वाळत असत."

"फारच रंजक. पण पॅलम्पोर."

त्यांनी माझ्याकडून तो शब्द तीनदा म्हणवून घेतला. मग कोरोमंडल किनाऱ्यावरचे कारागीर, लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या तक्रारींवरून 1721 मध्ये झालेला छापील सुती कापडाच्या वापरावरील बंदीचा कायदा, 1774 मध्ये त्याला मिळालेली मूठमाती, असे सारे त्यांनी बसल्या जागेवरून ऐकवले आणि मी ते एका पायावर उभा राहून, बगळ्यासारखा, ऐकले. माहिती खरी होती, आणि उभ्याने ऐकताना तोच तिचा मोठा दोष होता.

वास्तविक हे शहर भरभराटीला आले तेच दुखऱ्या सांध्यांवर. संधिवाताचे श्रीमंत रोगी इथल्या गरम झऱ्यांत डुंबायला येत आणि त्यांना बंद खुर्चीत बसवून, दोन माणसांच्या खांद्यांच्या जोरावर, घरातून थेट स्नानगृहापर्यंत नेले जाई. त्याच शहरात आज तिकिटाचे पैसे मोजलेल्या माणसासाठी एक साधे बाक असू नये, याचा मला मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

इतक्यात पलंगपोसावरचा वेलबुट्टीचा वृक्ष जवळून दाखवण्यासाठी स्वयंसेवक उठले. मी त्यांच्या खुर्चीवर बसलो.

"ती कर्मचाऱ्यांसाठी आहे," ते अतिशय मार्दवाने म्हणाले.

"उठतो. आधी पलंगपोस म्हणा."

भाचीने कपाळाला हात लावला. वृद्ध गृहस्थांनी क्षणभर डोळे मिटले, ओठ जुळवले आणि म्हणाले, "पॅलंग... पोर."

पोटावरच्या पिशवीला सावरत मी उठलो.