समासातला तपास अधिकारी

रहस्यकादंबरीच्या पहिल्या प्रकरणात वाचकाच्या मनात शंका याव्यात, हे रास्तच आहे. लेखक त्यासाठीच घाम गाळत असतो. परंतु वाचनालयातून आणलेल्या माझ्या प्रतीत त्या सगळ्या शंका आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने समासात काढून ठेवल्या होत्या, आणि वर त्यांचा निकालही लावला होता.

दुसऱ्याच पानावर कोकणातल्या वाड्याच्या पडवीत नानासाहेब निवांत सुपारी कातरत बसलेले असताना शेजारी शेरा होता, ‘हे जाणार.’ पुतण्या मुंबईहून येऊन पायरीवर वहाणा काढतो न काढतो तोच ‘कर्ज झाले असणार’, आणि डॉक्टरांनी चष्मा पुसला की ‘हाच! पैज!’ अशा सोबतीत वाचणे म्हणजे आरोपपत्र हाती घेऊन बारशाला जाणे होय.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, त्यांतला पहिलाच असा की, गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला असला पाहिजे. हा नियम लेखकांना शिस्त लावण्यासाठी होता. बिघडले मात्र वाचक. आता पहिल्या तीन प्रकरणांत जो उंबरा ओलांडेल तो, मग तो दूध घालायला आलेला गडी का असेना, संशयित ठरतो. पुराव्याकडे कुणी पाहतच नाही. डॉक्टरांच्या चष्म्यावर लेखकाने चार ओळी कशापायी खर्च केल्या, एवढेच पाहतात, आणि दुर्दैवाने हा तपास बऱ्याचदा बरोबर निघतो. पुढे एका ठिकाणी ‘जुळा भाऊ?’ असेही लिहिलेले होते. पुरेशी पूर्वतयारी केल्याशिवाय जुळी भावंडे आणण्यास नॉक्सने दहाव्या नियमात मनाई केली आहे. तेव्हा आमच्या तपास अधिकाऱ्यांचा अभ्यास पहिल्या नियमावरच थांबला असावा.

खोडरबर घेऊन बसावे, तर खोडण्यासाठी शेरा आधी वाचावा लागतो. शेवटी समासावर पट्टी धरून मी उरलेली पाने वाचली. अखेरच्या प्रकरणात कारकुनाने सर्वांदेखत कबुली दिली, विषाची बाटली काढून दाखवली, फौजदारांनी त्याला नेलेही, तेव्हा मोठ्या समाधानाने मी पट्टी बाजूला केली. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘पटत नाही. डॉक्टरच.’