वेंगुर्ल्याच्या संगणक वर्गाच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

आपण लिहिलंत की दहा थिन क्लायंटपैकी (छोट्या, साध्या संगणकांपैकी) चार वर्गात चालूच झाले नाहीत, त्यांत हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या साठवणुकीच्या जुन्या चिप नव्या म्हणून लावल्या आणि दोन दिवस फोन उचलला नाही. चारपैकी तीन मशीनची चूक आमचीच आहे.

परवा ती चारही कुडाळला आणून उघडली. तिघांत बूटलोडर (मशीन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) येतो, लिनक्सचा कर्नल म्हणजे गाभा लोड होतो आणि रूट पार्टिशन, म्हणजे चिपवरचा मुख्य भाग, माउंट करताना (वापरासाठी जोडताना) गाडी अडते. आपल्या दहा चिपपैकी सात एका कंपनीच्या, तीन दुसऱ्या. सगळ्यांवर 8 जीबीच छापलेलं. कागदावर 8 जीबी म्हणजे 800 कोटी बाइट, 512 बाइटचे 1,56,25,000 सेक्टर, म्हणजे साठवणुकीचे कप्पे. पण नेमके सेक्टर कंपनीगणिक थोडे कमीजास्त असतात. आमची मास्टर इमेज, म्हणजे सगळ्या चिपवर उतरवायची मूळ प्रत, पहिल्या कंपनीच्या अख्ख्या चिपवरून घेतलेली, ती दुसऱ्या कंपनीच्या या तीन, थोड्या लहान चिपवर शेपटाकडे कापली गेली. फाइल सिस्टिमच्या (चिपवर फायली मांडणाऱ्या रचनेच्या) नोंदीत जेवढे ब्लॉक म्हणजे जागेचे तुकडे आहेत तेवढी जागाच चिपवर नाही, मग माउंट कशी होणार? लिहिताना 'जागा शिल्लक नाही' असा एरर आला होता, लॉगमध्ये आहे. आम्ही तो वाचला नाही. वर दहातली एकच चिप मशीनला लावून बघितली. याचं मला फार वाईट वाटतं.

चिप मात्र नव्याच आहेत, खरेदीची बिलं दाखवतो. दहाच्या दहा एका कंपनीच्या मिळाल्या नाहीत, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

चौथ्या मशीनची चिप ठीक आहे. मशीनच्या, चिप जिथे बसते त्या 44 पिनांच्या कनेक्टरवर हिरवट थर चढला होता. पावसाळाभर समुद्राकडच्या खोलीत बंद राहिलं की खारी हवा हेच करते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ब्रशने घासलं, लगेच चालू झालं. त्याचे पैसे नाहीत, तिन्ही चिपच्या कामाचेही नाहीत.

फोनबद्दल सबब सांगत नाही. उचलायला हवा होता.

आता इमेज 7 जीबीतच बसवली आहे. लिहून झाली की चिप काढून पुन्हा लावतो आणि लिहिलेलं सगळं वाचून मूळ इमेजशी ताडतो. न काढता ताडलं तर संगणक रॅममधलीच प्रत वाचून 'बरोबर' म्हणू शकतो. या चारही चिप अशा तपासल्या आहेत. आपल्याकडच्या सहा राहिल्या. शनिवारी वर्ग सुटल्यावर आलो तर चालेल का?