द्राक्षांवरचा ‘ब्लूम’ हे फवारणीचं औषध नाही

‘ब्लूम शब्दामागचं सत्य’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला, मावशीने वाचला आणि किलोभर चांगली द्राक्षं कचऱ्यात गेली. मेसेजचे दावे तीन. ‘ब्लूम’ हा इंग्रजांनी संस्कृत ‘फुल्ल’वरून उचललेला शब्द; फूल आणि पीठ यांना इंग्रजीत मुळात एकच शब्द; आणि द्राक्षांवरची पांढुरकी पावडर म्हणजे फवारणीचं विष, ते लपवायला औषध कंपन्यांनी दिलेलं गोंडस नाव म्हणजे ब्लूम.

शेवटचा दावा आधी घेऊ, कारण नुकसान त्याने केलंय. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘फळावरचा भुकटीसारखा थर’ हा ब्लूमचा अर्थ सतराव्या शतकापासून नोंदलेला आहे. द्राक्षबागेत फवारायचं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) आलं १८८५ च्या सुमारास. औषध येण्याच्या दोनशे वर्षं आधी ते लपवायला नाव कोण देईल?

तो थर मेणाचा असतो आणि द्राक्ष तो स्वतःच तयार करतं. त्यामुळे मण्यातलं पाणी उडत नाही. म्हणून तर घड देठाला धरून काढतात. मणी हाताळले की मेण पुसलं जातं. बेदाणा करणाऱ्यांना मात्र हेच मेण आडवं येतं. ते लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घालून घड दोन ते चार मिनिटं बुडवतात. मेणाचा थर मोडला की मणी लवकर सुकतात.

ओळखायचं कसं? मेण मणीभर एकसारखं पसरलेलं असतं आणि बोटाने चोळलं की खाली चकाकी दिसते. फवारणीचे डाग थेंबांच्या कडांसारखे किंवा मण्याच्या खालच्या टोकाला साचलेले दिसतात. भुरी हा बुरशीचा रोग; ती करडी, ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिने मणी तडकतात. फवारणी होते हे खरंच, आणि डाग नसला म्हणजे अंश नाही असंही नाही. म्हणून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पण खायच्या वेळीच. ओली द्राक्षं ठेवली की सडतात. साबण नको.

आता संस्कृत. इंग्रजी ‘ब’ला संस्कृतात ‘भ’ भेटतो: ब्रदर–भ्रातृ, बेअर (वाहणे)–भर. ‘फ’ नाही. ‘फुल्ल’ येतो फल् धातूवरून, अर्थ फुटणे. ब्लूम इंग्रजीत आला उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून, १२०० च्या आसपास; जर्मन ‘ब्लूमे’ (फूल) त्याचं भावंड. लॅटिन ‘फ्लोस’ (फूल) लांबचा नातलग, आणि इंग्रजी ‘फ्लॉवर’ त्याच्यापासून फ्रेंचमार्गे आला.

पिठाचं मात्र मान्य करावं लागेल. पिठाचा सर्वांत बारीक, उत्तम भाग तो त्याचं ‘फूल’, म्हणून flower (फूल) आणि flour (पीठ) मुळात एकच शब्द. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशातही दोन्ही वेगळे केलेले नाहीत. स्पेलिंगची फारकत नंतर पक्की झाली.