बक्सरचा मन्रो आणि सोलापूरचा मन्रो वेगळे

लेखात बक्सरच्या लढाईतल्या इंग्रजांच्या विजयाचे श्रेय थॉमस मन्रोला दिले आहे, ते दुरुस्त करावे. २२ ऑक्टोबर १७६४ ला बक्सरला इंग्रजांचा सेनापती होता हेक्टर मन्रो. थॉमसचा जन्म १७६१ चा, म्हणजे तेव्हा तो तीन वर्षांचा होता! दोघेही स्कॉटलंडचे, पण हेक्टर नोव्हारचा, थॉमस ग्लासगोचा. १७८० मध्ये हैदरअलीपुढे माघार घेताना कांचीपुरमच्या तळ्यात जड तोफा बुडवल्या त्या हेक्टरने. रयतवारीशी, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीशी, नाव जोडले गेले आहे ते थॉमसचे. १८१८ मध्ये पेशव्यांच्या फौजेकडून बेळगाव आणि सोलापूर घेणाराही तोच. चेन्नईतला त्याचा अश्वारूढ पुतळा जवळून पाहा, घोड्यावर खोगीर नाही आणि रिकीबही नाही.

हा घोळ होतो कारण आपण नुसते आडनाव पाहतो. स्कॉटलंडमध्ये घराण्याचे (क्लॅनचे) आडनाव म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. सरदाराची जमीन कसणारी कुळेही त्याचेच नाव लावत. म्हणून आडनावापुढे मूळ गाव आणि जन्मसाल लिहायचेच. नावही एकच असेल तर जास्तच जपावे. एडिंबरात शरीररचनाशास्त्राचे अध्यापन १७२० पासून १८४६ पर्यंत आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्यांकडे होते आणि तिघेही अलेक्झांडर मन्रो! मेंदूतल्या पोकळ्यांना जोडणाऱ्या ‘मन्रोच्या छिद्रा’ला नाव मिळाले ते मधल्याचे.

स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांवरच्या शिखरांना ‘मन्रो’ म्हणतात, ते मात्र १८९१ मध्ये त्यांची यादी छापणाऱ्या ह्यू मन्रोमुळे.